हिवाळी भाज्या नेमक्या कधी लावायच्या? घरच्या बागेसाठी पूर्वा ते विशाखा वेळापत्रक

मंडईत फ्लॉवर पांढराशुभ्र दिसायला लागला, मटार स्वस्त झाला की नर्सऱ्यांमध्ये गर्दी होते. आपल्याही परसात हे असावं असं त्याच आठवड्यात सगळ्यांना वाटतं. पण डिसेंबरात मंडईत आलेल्या फ्लॉवरचं बी पावसाळा संपायच्या आतच वाफ्यात पडलेलं असतं. भाजी दिसायला लागल्यावर लावायला घेतली, तर ती तयार होईपर्यंत शिमगा येतो आणि फ्लॉवरऐवजी नुसती पानं हाती लागतात.

आपला हिवाळा तोकडा आहे, सगळी अडचण तिथेच आहे. पुण्यात रात्रीचं किमान तापमान ऑक्टोबरात १९-२० अंश, नोव्हेंबरात १५ च्या आसपास आणि डिसेंबर-जानेवारीत ११-१२ असतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचं ऊन चटका देऊ लागतं. म्हणजे थंडीच्या भाज्यांना खऱ्या अर्थाने मानवणारे महिने अडीच, फार तर तीन. ते महिने गड्डा धरायला आणि शेंगा भरायला हवेत, बी उगवण्यात घालवायचे नसतात. उगवणं आणि रोप वाढणं ही कामं आधी, उकाड्यात आणि पावसाच्या शेवटच्या सरींत उरकून घ्यायची. पुढचं सगळं वेळापत्रक याच एका हिशोबावर बेतलेलं आहे.

मी पुण्याजवळ राहते, माहेर रायगड जिल्ह्यातलं. त्यामुळे तारखा मुख्यतः देशावरच्या आहेत. कोकण-गोव्यासाठी वेगळा टप्पा पुढे दिला आहे, तिकडच्यांनी तो आधी वाचावा.

१. सणांवर जाऊ नका, नक्षत्रांवर जा

"गणपती झाले की रोपं टाकू", "दिवाळीनंतर लावू" असं आपण सहज म्हणतो. पण सण चांद्र महिन्यांप्रमाणे येतात, त्यामुळे ते पुढेमागे सरकतात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक झाला, आणि अडीच महिन्यांच्या हंगामात तीन आठवडे म्हणजे अख्खं पीक.

पावसाची नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात. मृग दरवर्षी ७-८ जूनला लागतो, तशीच पुढची नक्षत्रंही ठरलेल्या तारखांना येतात, एखाद्या दिवसाचा फरक सोडला तर. कुठल्याही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती दिलेली असतात. (शेजारी दिलेलं उंदीर-बेडूक-हत्ती हे वाहन वाचायला मजेशीर, पण त्यावर पेरणी ठरवू नका.) आपल्या कामाची सहा अशी:

- पूर्वा, ३० ऑगस्टपासून: टोमॅटो, वांगी, मिरचीचं बी रोपांसाठी टाकणे
- उत्तरा, १३ सप्टेंबरपासून: कोबी, फ्लॉवर, नवलकोलचं बी टाकणे
- हस्त, २७ सप्टेंबरपासून: वाफे तयार करणे, टोमॅटो-वांग्याची रोपं लावणे
- चित्रा, १०-११ ऑक्टोबरपासून: कोबीवर्गीय रोपं लावणे, मुळा, पालक, बीट, लसूण
- स्वाती, २४ ऑक्टोबरपासून: गाजर, मटार, मेथी, कोथिंबीर
- विशाखा, ६ नोव्हेंबरपासून: मटार-गाजराची शेवटची पेर, रब्बी कांद्याचं बी, पालेभाज्यांची दुसरी खेप

हा सांगाडा पाठ झाला तरी निम्मं काम झालं.

२. जागा निवडताना डिसेंबरचं ऊन डोळ्यांपुढे ठेवा

वाफा बहुतेक जण सप्टेंबरात आखतात आणि तेव्हाचं ऊन बघून जागा ठरवतात. इथे मोठी फसगत होते. जुलैच्या अखेरीस पुण्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तर २२ डिसेंबरला भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो, दक्षिणेकडे कललेला. त्यामुळे दहा फुटी भिंतीची सावली त्या दिवशी बाराच्या सुमारास उत्तरेला नऊ फूट पडते. गच्चीच्या तीन फुटी कठड्याची सावली पावणेतीन फूट. सप्टेंबरात उन्हात न्हाणारा कोपरा डिसेंबरात दिवसभर सावलीत गेला, की फ्लॉवर उंच, लुकडा होतो आणि गड्डा धरतच नाही.

म्हणून वाफा भिंतीच्या दक्षिणेला घ्या. उत्तरेला घ्यावाच लागला तर भिंतीच्या उंचीइतकं अंतर सोडा. गच्चीवर दक्षिणेच्या कठड्याला चिकटून कुंड्या ठेवायच्या असतील तर त्या विटांवर चढवा. ज्या जागी डिसेंबरात पाच-सहा तास ऊन मिळणार नाही, तिथे पालक, कोथिंबीर, मेथी घ्या. फळ किंवा गड्ड्याची भाजी तिथे होणार नाही.

३. सामान आणि बियाणं

फार काही लागत नाही:

- खुरपं, कुदळ, बारीक छिद्रांची झारी
- कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, निंबोळी पेंड
- रोपांसाठी प्रो-ट्रे (छोट्या खणांचा ट्रे) किंवा पसरट कुंडी, कोकोपीट
- ट्रायकोडर्माचं (रोपांची मर रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीचं) छोटं पाकीट
- गोणपाटाचे दोन-तीन तुकडे
- हिरवी शेडनेट, चार काठ्या
- भिंतीवरचा साधा थर्मामीटर, शक्यतो किमान-कमाल दोन्ही दाखवणारा
- एक वही

बियाण्याबद्दल थोडं सविस्तर. पाकिटावर चाचणीची तारीख, उगवणशक्ती आणि वैधता छापलेली असते. ही वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिन्यांची असते. सप्टेंबरात काही दुकानांत गेल्या हिवाळ्यातला उरलेला माल पुढे केला जातो, तेव्हा तारीख वाचूनच घ्या. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्याने घसरते, तिथे तर अजिबात तडजोड नको. पाकीट आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर त्याशिवाय कुणी दाद देत नाही.

घरातलं जुनं बी वापरायचं असेल तर वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बाराच्या खाली मोड आले तर नवीन आणा. आणि गुलाबी-निळा रंग चढवलेलं बी औषध लावलेलं असतं. ते मुलांच्या हाती देऊ नका, उरलं तर स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नका.

४. पूर्वा आणि उत्तरा: रोपं टाकणे

टोमॅटोचं रोप २५-३० दिवसांत लावणीला येतं, वांगी-मिरचीला पाच-सहा आठवडे लागतात, कोबी-फ्लॉवरला महिनाभर. या दिवसांत पाऊस अजून असतो. सर्वसाधारणपणे मोसमी पाऊस १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून परतायला लागतो आणि आपल्याकडून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो. म्हणून रोपं उघड्यावर टाकू नका. पत्र्याखाली चालणार नाही, कारण तिथे प्रकाश नसतो. पारदर्शक प्लास्टिक तिरकं ताणून बांधा आणि चारी बाजू मोकळ्या ठेवा.

नव्या माणसाची रोपं सगळ्यात जास्त मरतात ती कोलमडून. काल टवटवीत उभी असलेली रोपं आज सकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात. दाट पेरणी, संध्याकाळचं पाणी आणि न निथळणारी माती, या तिन्हींतून ही मर येते. मातीत पेरत असाल तर गादीवाफा चार ते सहा इंच उंच करा, माती ट्रायकोडर्मा मिसळून भरा, दोन ओळींत चार बोटं अंतर ठेवा आणि पाणी सकाळीच द्या. प्रो-ट्रेमध्ये एका खणात एकच बी.

टोमॅटोची रोपं बारीक जाळीखाली वाढवता आली तर उत्तम. पांढरी माशी रोपावस्थेतच पानं आकसण्याचा विषाणू देऊन जाते. मग पुढे काहीही फवारा, झाड खुजंच राहतं. टोमॅटोच्या वेळेचं गणितही रात्रीच्या तापमानावर आहे. रात्री पारा १३ च्या खाली गेला की फुलं येतात पण फळ धरत नाही. पुण्या-नाशिकाकडे डिसेंबरात हे होतंच. म्हणून पहिली फळधारणा नोव्हेंबरात व्हायला हवी, आणि त्यासाठी रोप हस्त नक्षत्रात जमिनीत गेलेलं असलं पाहिजे.

५. फ्लॉवर: इथे वाण चुकला की सगळं चुकलं

कोबी बऱ्यापैकी सोशिक आहे, फ्लॉवर नाही. फ्लॉवरचे वाण तापमानाप्रमाणे गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला गड्डा धरण्यासाठी ठरावीक थंडी लागते. पुसा कातकी, पुसा दीपाली हे लवकरचे वाण, यांना २०-२५ अंशांतही गड्डा येतो आणि त्यांचं बी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून टाकतात. स्नोबॉल-१६, पुसा स्नोबॉल के-१ हे थंडीचे वाण, यांना १०-१६ अंश हवेत.

आता उलटसुलट झालं तर काय होतं ते बघा. थंडीचा वाण ऑगस्टमध्येच टाकला, तर थंडी येईपर्यंत नुसती पानं वाढत राहतात. लवकरचा वाण ऑक्टोबरात टाकला, तर रोप लहान असतानाच थंडी लागते आणि ते घाईघाईने सुपारीएवढा गड्डा धरून थांबतं. शेतकरी याला ‘बटन झालं’ म्हणतात. रोप पाच-सहा आठवड्यांपेक्षा जास्त जून झालं, किंवा त्याची उपासमार झाली, तरीही हेच होतं.

घरच्या बागेसाठी सोपा मार्ग असा की उत्तरेत म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात स्नोबॉल गटातलं बी टाकायचं, ऑक्टोबरच्या मध्यावर रोप लावायचं आणि जानेवारीत गड्डा काढायचा. नर्सरीतून तयार रोप घेणार असाल तर दोनच प्रश्न विचारा: "वाण लवकरचा की थंडीचा?" आणि "रोप किती दिवसांचं?" ‘हायब्रीड आहे, कधीही लावा’ असं उत्तर आलं तर दुसरी नर्सरी बघा. चार-पाच पानांचं, जाड देठाचं, बुटकं रोप घ्या. ट्रेमध्ये उंच वाढलेलं, खालची पानं पिवळी पडलेलं रोप अर्ध्या किमतीत मिळालं तरी नको.

फ्लॉवर खादाड आहे. लावताना ओंजळभर शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, मग तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा गांडूळखत घालून बुंध्याला मातीची भर. गड्डा लिंबाएवढा झाला की त्याचीच बाहेरची पानं दुमडून वरून झाका, नाहीतर उन्हाने पिवळा पडतो. दोन रोपांत दीड फूट अंतर, कुंडीत घेतला तर बारा इंची कुंडीत एकच रोप.

कोबीसाठी गोल्डन एकर हा जुना, भरवशाचा वाण आहे. लावणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत छोटा, घट्ट गड्डा देतो. पहिल्यांदाच करत असाल तर फ्लॉवरआधी कोबी आणि नवलकोल करून बघा.

६. हस्त: माती तयार करणे, आणि वाफशाची वाट पाहणे

हस्ताचा पाऊस धो-धो पडतो आणि थांबतो. तो थांबल्या दिवशीच कुदळ हातात घ्यायचा मोह होतो. काळ्या मातीत तर हे मुळीच करू नका. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की ढेकळं होतात आणि ती वाळल्यावर महिनाभर फुटत नाहीत.

वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य एवढाच ओलावा, आलाय का हे असं बघा. चार बोटं खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. लाडू पडून विस्कटला तर वाफसा आला. चपटा होऊन तसाच राहिला तर अजून दोन दिवस थांबा. वळलाच नाही तर उशीर झालाय, हलकं पाणी देऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

मग फूटभर खोल खणून शेणखत मिसळा. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात मात्र ताजं शेणखत घालू नका, मुळांना फाटे फुटतात. त्या वाफ्यात निम्मी वाळू किंवा कोकोपीट मिसळलं तर काळ्या मातीतही गाजर सरळ येतं. पावसाळ्यातलं तण या वेळी मुळासकट काढा, विशेषतः हरळी आणि लव्हाळा. लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली तर डिसेंबरभर खुरपं हातातून सुटणार नाही.

७. चित्रा आणि स्वाती: थेट पेरणी, भर उकाड्यात

ऑक्टोबर हीट म्हणजे दुपारी ३३-३४ अंश, वरची माती तासाभरात कोरडी आणि हिवाळी भाज्यांचं बी मात्र गार ओलाव्यात उगवणारं. हा विरोध गोणपाट सोडवतं.

गाजराचं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यात हट्टी. बी बारीक, उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात आणि तेवढ्यात एकदा जरी वरची माती सुकली की संपलं. संध्याकाळी वाफ्याला पाणी द्या. सकाळी बोटाने अर्धा इंच खोल रेघ ओढा. बी चौपट वाळूत मिसळून रेघेत सोडा, सोबत थोडं मुळ्याचं बी टाका. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, ओळ कुठे आहे ते कळतं आणि मातीचा पापुद्राही तोच फोडतो. वरून चाळलेली माती भुरभुरवा, हाताने दाबा आणि ओलं गोणपाट पसरा. दिवसातून दोनदा गोणपाटावरच झारीने पाणी द्यायचं. आठव्या दिवसापासून रोज सकाळी एक कोपरा उचलून बघा. हिरवी टोकं दिसली त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, एक दिवसाचाही उशीर झाला तर कोंब पिवळे पडून त्यात अडकतात. पुढे दोन बोटं अंतरावर विरळणी केली नाहीत तर गाजर पेन्सिलीएवढंच राहील.

नान्टीस हा केशरी, बोथट टोकाचा वाण स्वातीत आणि विशाखेत पेरा. लाल देशी गाजराला उकाडा जास्त सोसतो, ते सप्टेंबरअखेरही चालतं.

बाकीच्यांचं झटपट सांगते. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो, एकदम न पेरता दर दहा दिवसांनी एक ओळ टाका. बीट आणि आपला पालक एकाच कुळातले. त्यांचं एक ‘बी’ म्हणजे दोन-तीन बियांचा गठ्ठा असतो, त्यामुळे एका जागी झुबका उगवतो. बीटमध्ये त्यातलं एकच रोप ठेवा. धने पाटावर घेऊन वाटीच्या बुडाने हलके रगडा, प्रत्येक धण्याचे दोन भाग व्हायला हवेत. मग रात्रभर भिजवून पेरा. अख्खे धने टाकले तर उगवण निम्म्यावर येते. मेथीला काही शिकवावं लागत नाही, तीन-साडेतीन आठवड्यांत खुडायला येते. मात्र पाणी साचलं तर मुळं कुजतात.

मटाराची घाई करू नका. गरम मातीत त्याचं बी कुजतं. रात्री थोडी शिरशिरी जाणवू लागली, थर्मामीटर १८ च्या खाली उतरला की अर्केल वाणाचं बी टोका, दोन दाण्यांत चार बोटं अंतर. पावणेदोन-दोन महिन्यांत पहिल्या शेंगा निघतात. टोकल्यापासून उगवेपर्यंत कबुतरं आणि उंदीर दोघांचीही नजर असते. वर जाळी टाकाच.

लसणासाठी ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य ही वेळ. बाहेरच्या जाड पाकळ्या निवडा, सोलू नका, टोक वर ठेवून इंचभर खोल लावा. डिसेंबरात लावलेल्या लसणाला पुरेशी थंडी मिळत नाही, मग गड्डी न फुटता एकाच पाकळीचा गोळा हाती येतो. गोदावरी आणि श्वेता हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण आपल्याकडे चांगले जमतात.

‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ हे रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्यासाठी. आपल्या नुकत्या पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावर स्वातीची जोराची सर आली तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. ढग दिसले की शेडनेट आडवी ताणा, आणि थोडं बी राखून ठेवा.

८. रोपांची लावणी

लावणीआधी चार-पाच दिवस रोपांचं पाणी कमी करा आणि त्यांना उन्हाची सवय लावा. लावणी संध्याकाळी चारनंतर, आधी खड्ड्यात पाणी, मग रोप. टोमॅटोचं रोप पहिल्या पानांपर्यंत खोल गाडलं तरी चालतं, खोडाला जास्त मुळं फुटतात. कोबी-फ्लॉवरचा शेंडा मात्र मातीत जाऊ देऊ नका. पुढचे तीन-चार दिवस दुपारपुरती शेडनेट, नसेल तर एरंडाची पानं खोचून सावली करा. तग धरल्यावर सावली काढून टाका, लाडाने ठेवू नका.

कोबीच्या वाफ्याच्या कडेने मोहरीची ओळ लावणीच्या पंधरा दिवस आधी पेरा. कोबीवर अंडी घालणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला मोहरी जास्त आवडते, अंडी तिथे जातात. मोहरीचा पाला तुमच्या भाजीला, अळ्या पक्ष्यांना.

९. कांदा: दोन वेगळे हिशोब

रांगडा कांदा ऑगस्ट-सप्टेंबरात बी टाकून ऑक्टोबरच्या सुमारास लावतात, रब्बी म्हणजे उन्हाळी कांद्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतं आणि सहा-सात आठवड्यांचं रोप डिसेंबर-जानेवारीत लावतात. घरी साठवायचा असेल तर रब्बीचाच घ्या, एन-२-४-१ सारखा. रोप जून, बोटभर जाड असेल आणि मग कडाक्याची थंडी लागली, तर कांदा पोसण्याऐवजी डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. डेंगळा आलेला कांदा साठवणीत टिकत नाही, लगेच खाऊन टाका.

१०. कोकण, मुंबई, गोवा: वेगळं गणित

मुंबईत जानेवारीतही रात्रीचं सरासरी किमान तापमान १७ च्या आसपास असतं. म्हणजे स्नोबॉल फ्लॉवर, मटार, लसूण यांचा हट्ट सोडलेला बरा. पण इथल्या हिवाळ्याचं स्वतःचं असं बरंच काही आहे आणि ते देशावर तसं येत नाही. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टोकतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच ओल्या शेंगांची पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागते. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोही भातानंतरच्याच जमिनीत लावतात. घरच्या वाफ्यात लाल माठ, मुळा, नवलकोल, चवळी, मिरची, वांगी, काकडी घ्या. गोव्यात तांबडी भाजी आणि मुळा याच दिवसांत उत्तम येतात.

पेरणी देशापेक्षा दोन-तीन आठवडे उशिरा, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पाऊस रेंगाळतो आणि दमट उकाड्यात रोपं लवकर मरतात. जांभ्याच्या मातीत आम्ल जास्त, पाणी टिकत नाही. शेणखत सढळ हाताने घाला आणि भाताचा पेंढा आच्छादन म्हणून पसरा.

उलट टोकाला निफाड. तिथे पारा एक आकडी होतो, टोमॅटो-मिरची लवकर आटोपावी लागते, पण मटार-लसणाचं सोनं होतं. नागपूरकरांनी पुण्याचंच वेळापत्रक पाळावं, फक्त फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वाफे रिकामे करण्याच्या बेताने. तिकडे उन्हाळा फार झपाट्याने येतो.

११. डिसेंबरात काय बघत राहायचं

चार दिवस ढगाळ हवा राहिली की मावा येतो, पानांच्या मागे आणि शेंड्यावर. रोज सकाळी पानं उलटून बघा. थोडा असेल तर पाण्याच्या जोराने धुवा, वाढला तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. मटारावर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी. दाटी कमी करा, बाधित पानं काढा आणि गंधकाचं औषध घ्यायचं तर पाकिटावरच्या प्रमाणातच.

पाणी नोव्हेंबरापर्यंत जेवढं देत होतात त्याच्या निम्म्याने पुरतं. थंडीत माती वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते, बोट खुपसून बघा. आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख, त्या आठवड्यातलं रात्रीचं तापमान. पुढच्या वर्षी हा लेख बाजूला ठेवून ती वही वापरता येईल.

१२. हे वाचेपर्यंत डिसेंबर उजाडला असेल तर

फ्लॉवर, लसूण, मटार या वर्षापुरते सोडा. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा डिसेंबरभर आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत पेरता येतात. नवलकोलचं तयार रोप मिळालं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावा, दीड-दोन महिन्यांत येतो. कांद्याचं रोप डिसेंबर-जानेवारीत नर्सरीत जुडीने मिळतं, तुमची वेळ अजून गेलेली नाही. संक्रांतीनंतर, म्हणजे जानेवारीअखेर, भेंडी, गवार, काकडीची उन्हाळी पेरणी सुरू होते. तेव्हा ‘थोडी थंडी आहे अजून’ म्हणून कुणी फ्लॉवरची रोपं फुकट देऊ केली तरी घेऊ नका. वाफा भेंडीसाठी खणायला घ्या.